पत्रकाबरहुकूम सहल

"आपल्या किनाऱ्याबद्दल काहीही विचारा, डोळे मिटून सांगतो!" असं ज्ञानकोश दिवसातून चारदा तरी म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. डोळे उघडून त्यांनी किनारा कधी पाहिलाच नव्हता!

ज्ञानकोश हे पर्यटन माहिती कार्यालयातले सर्वांत जुने लेखनिक. हे नाव त्यांना ऑफिसने थट्टेत दिलं होतं, त्यांनी ते मनापासून घेतलं. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती पडणारी सगळी पत्रकं त्यांच्याच टेबलावर तयार होत. मागच्या पत्रकावरून पुढचं उतरवायचं, विशेषणं थोडी इकडची तिकडे करायची, आणि अंतरं भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजायची, ही त्यांची वीस वर्षांची पद्धत. तक्रार एकही नाही. पाहुणे आपापल्या देशी परत जात, तक्रार करायला मागे राहणार कोण?

विभागप्रमुखाची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. ती आपलीच, हे ज्ञानकोशांनी घरी, सासुरवाडीला आणि केस कापणाऱ्यालाही सांगून टाकलं होतं. तेवढ्यात नव्या संचालकबाई आल्या. त्यांनी 'प्रवाशांसाठी सर्वसाधारण माहिती' हे नवं पत्रक चाळलं.

"छान आहे. उद्या पाहुणे होऊन यावरून फिरून या. यात लिहिलंय तेवढंच करायचं. संध्याकाळी पाचला माझ्यासमोर सही करा, मग छापायला देऊ. खुर्चीचंही तेव्हाच बघू."

"त्यात काय, बाई! दुपारच्या जेवणाला परत येतो!"

घरी बायकोने हे ऐकलं मात्र, ती कपाटातून पिशवी काढायला लागली.

"अगं, हे ऑफिसचं काम आहे."

"असू दे. लग्नाला बारा वर्षं झाली, समुद्र अर्ध्या तासावर आहे आणि तुम्ही मला तो पत्रकातच दाखवलाय. मी येणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रेल्वे स्टेशनबाहेर उभे राहिले. पान एक: 'स्टेशनबाहेर टॅक्सी सहज मिळतात.' पाऊण तास झाला तरी मिळाली नाही. टॅक्सीचा थांबा चार वर्षांपूर्वीच मागच्या बाजूला हलला होता.

"विचारा ना कुणाला तरी!" बायको म्हणाली.

"पत्रकात आहे तेवढंच करायचंय!"

"मग हे बघा, पान तीन. 'स्थानिक लोक आनंदाने रस्ता सांगतात.' आता विचारा!"

ज्ञानकोशांनी तिघांना विचारलं. तिघांनीही आनंदाने सांगितलं, तीन वेगवेगळे रस्ते.

तिन्ही रस्ते पालथे घातल्यावर दुपारी अखेर टॅक्सी मिळाली आणि किनारा आला. पान चार: 'दीपगृह चालत दहा मिनिटांवर, हलकी चढण.' नकाशावर ते बोटाच्या पेराएवढं अंतर होतं. इथे तीनशे बारा पायऱ्या निघाल्या! शंभराव्या पायरीवर ज्ञानकोशांनी कोट काढला, दोनशेव्या पायरीवर पिशवी बायकोकडे दिली, आणि शेवटच्या बारा ते चक्क बसून बसून चढले. वर पोहोचेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. 'हवा वर्षभर आल्हाददायक' होतीच, तिने त्यांची टोपी उचलून समुद्रात टाकली.

बायको मात्र कठड्याला धरून समुद्राकडे बघतच राहिली. "अहो, केवढा आहे हो!" ती इतकी खूश दिसत होती की ज्ञानकोशांना एकदम लाज वाटली. अर्धा तास काढायला आपल्याला बारा वर्षं लागली!

पण घड्याळात साडेतीन वाजले होते. पान पाच: 'परतीसाठी दीपगृहामागून दर अर्ध्या तासाने होडी.' दोघं धापा टाकत धक्क्यावर उतरले.

"होडी किती वाजता सुटते?" त्यांनी होडीवाल्याला विचारलं.

"वाजण्यावर नाही हो, भरण्यावर. वीस माणसं झाली की सुटते."

"आत्ता किती आहेत?"

"अठरा. सकाळी दहापासून अठराच आहेत."

धक्क्यावर अठरा पाहुणे टोमॅटोसारखे लाल होऊन बसले होते. सगळ्यांच्या हातात गेल्या वर्षीचं पत्रक. हे दोघं दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला! एका धिप्पाड पाहुणीने तर ज्ञानकोशांना मिठी मारून होडीत उचलून ठेवलं. सगळे त्यांना देवमाणूस म्हणू लागले. बायकोचा ऊर भरून आला.

"आणि हे कुणी साधेसुधे नाहीत बरं का! तुमच्या हातातलं ते पत्रक ह्यांनीच लिहिलंय!"

टाळ्या थांबल्या. होडी तर सुटली होती. पुढचा पाऊण तास अठरा माणसांनी आळीपाळीने ज्ञानकोशांना माहिती पुरवली. होडीतून उतरल्यावरही कुणी हॉटेलवर जायचं नाव घेईना. "तुमचे साहेब कुठे बसतात?" एवढंच सगळे विचारत होते.

पाचला पाच कमी असताना संचालकबाईंच्या खोलीत ज्ञानकोश, बायको आणि दारापर्यंत दाटीवाटीने अठरा पाहुणे उभे होते. बाईंनी पेन पुढे केलं. ज्ञानकोशांना खुर्ची दिसत होती, सासुरवाडी दिसत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, मी सही करणार नाही. दहा मिनिटं खोटी, चढण खोटी, होडी खोटी. मला काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं नव्याने लिहावं लागेल."

बाईंनी चष्मा काढला.

"वीस वर्षांत या ऑफिसात पहिल्यांदा खरी माहिती मिळाली. अभिनंदन, विभागप्रमुख! हे नव्याने लिहाच, आणि उरलेली अकरा पत्रकंही उद्यापासून अशीच स्वतः करून तपासा." त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पत्रक पुढे सरकवलं. "सुरुवात याने करा. 'पोहण्यासाठी सुरक्षित जागा.'"

ज्ञानकोशांचा चेहरा उतरला. ते टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "बाई, मला पोहता येत नाही."

"नाही? मग हे लिहिलं कुणी?"

ज्ञानकोश काही बोलायच्या आत बायको अठरा पाहुण्यांकडे वळून अभिमानाने म्हणाली, "तेसुद्धा ह्यांनीच!"