बाकावर न बसणारी अक्का

सुनंदाअक्का आमच्या संघात दोन वर्षं राखीव खेळाडू होती, आणि त्या दोन वर्षांत राखीव खेळाडूंच्या बाकावर ती एकदाही बसली नाही. नव्वद मिनिटं बाकासमोर उभी, नाहीतर रेषेच्या कडेकडेने हळूहळू पळत. पंच येऊन सांगायचे, "मॅडम, बसून घ्या." अक्का विचारायची, "तुम्ही बसलात का?" पंच निघून जायचे. मी एकदा भीतभीत कारण विचारलं, तर आपल्या अहिराणीत म्हणाली, "एकदा बूड टेकनं का बठ्ठा म्हनतीन, बसनी आते." म्हणजे बूड टेकलं की सगळे म्हणणार, बसली ही आता.

संघ म्हणजे आपल्या देशाचा महिला फुटबॉल संघ. मी त्यात खेळत नाही. कपडे आणि बूट सांभाळते. माझी शाळा सातवीत सुटली. गुहागरकडचं गाव सोडून मी कामाला निघाले ती फिरत फिरत एका क्रीडा वसतिगृहात भांडी घासायला लागले. तिथे संघ उतरला होता. जेवणघराबाहेर मुलींच्या चपलांचा ढीग पडायचा, तो मी जोडीजोडीने लावून ठेवायची. अक्काने ते पाहिलं आणि मॅनेजरांना म्हणाली, "या बाईला आपल्याकडे घ्या. हिला डावा-उजवा कळतो. आपल्या निम्म्या बचावफळीला कळत नाही." त्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी आहे. पाठीवर देशाचं नाव असलेलं जाकीट मिळालं आणि त्याबरोबर एक धास्तीही मिळाली, की कधीतरी कोणीतरी शाळेचा दाखला मागेल. अक्का मला 'कोकणे' म्हणते. आडनाव वेगळं आहे हे सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

सोळा वर्षं देशाकडून खेळलेल्या बाईचं संघात नक्की काम काय, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पोस्टरवर मधोमध अक्का. मैदानावर अक्का नाही. विमानतळावर हार अक्काला, आणि बॅगा उतरवायला तरण्या मुली. पत्रकार येई तो एकच विचारे, "निवृत्ती कधी?" अक्का म्हणे, "चहा घेणार का?" तो चहा घेई आणि 'निर्णय लवकरच' असं छापून मोकळा होई. सत्काराच्या शाली तिच्याकडे एवढ्या जमल्या होत्या की सरावानंतर बर्फाच्या पिशव्या गुडघ्यांना बांधायला ती त्याच वापरायची. उजव्या गुडघ्याला मंत्र्यांची, डाव्याला आमदारांची.

तरुणपणी ती वाऱ्यासारखी पळायची म्हणे. मी पाहिली तेव्हा ती पळणं टाळण्यात तरबेज झाली होती. "बॉल पळस ना, मंग आपन काब्र पळानं?" आपण कशाला पळायचं, हे तिचं शास्त्र. बॉल कुठे येणार ते तिला आधीच कळायचं, आणि ती तिथे जाऊन बसस्टँडवर गाडीची वाट पाहावी तशी उभी राहायची. मुली मात्र तिला देव मानत. झारखंडची फुलमनी, वय एकोणीस, पहिल्या दिवशी तिच्या पायाच पडली. "दीदी, मैं चौथी में थी, तब आपका मैच देखा था." अक्का म्हणाली, "चौथीत होतीस तर अभ्यास करायचा." मग दिवसभर माझ्यापाशी कुरकुर, "चौथीमा होती म्हने. आते मी काय हिनी आजी शे का?"

गेल्या एप्रिलात आमचं शिबिर धुळ्याला लागलं. पुढची स्पर्धा वाळवंटाच्या देशात होती. मुलींना उन्हाची सवय व्हावी म्हणून वर कोणीतरी नकाशा पाहिला आणि बोट खानदेशावर ठेवलं. बाकीच्या मुली देवपुरातल्या कॉलेजच्या मैदानावर दुपारी चार वाजता चक्कर येऊन पडत होत्या. अक्का त्यांच्यामधून डोक्याला रुमाल बांधून फिरत होती. "हाई काय ऊन शे? आमच्याकडे यात मिरच्या वाळवतात."

आमच्याकडे म्हणजे नरडाण्याजवळच्या तिच्या गावी. इतक्या देशांत खेळली, पण स्वतःच्या गावाच्या इतक्या जवळ ती कधीच खेळली नव्हती. तिच्या वडिलांनी, आबांनी, तिला खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. टीव्हीवर आमचे सामने सहसा दाखवत नाहीत, आणि ज्या दिवशी दाखवले त्या दिवशी गावात लाइट नव्हती. शिबिराच्या शेवटी जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांच्या संघाशी सरावाचा सामना ठरला. अक्काने गावाला निरोप धाडला, आबांना घेऊन या.

निरोप गेल्यावर कोच मॅडमनी सांगितलं की तेवीसपैकी बावीस नावं ठरली आहेत. शेवटची जागा अक्का किंवा फुलमनी. सुरुवात फुलमनी करेल, साठाव्या मिनिटाला अक्का उतरेल, आणि यादी संध्याकाळी. अक्का म्हणाली, "चालेल." मग दुसऱ्या दिवशी पहाटे माझं दार वाजवलं आणि बुटांचे खिळे बदलून घेतले. त्यानंतर आणखी दोनदा बदलून घेतले. तिला त्या तीस मिनिटांचं काय मोल होतं ते तेव्हा मला कळलं. नाहीतर बुटांच्या बाबतीत तिने माझ्यावर कधी शंका घेतली नव्हती.

सामन्याच्या दिवशी दोन टेम्पो भरून माणसं आली. पांढरी टोपी, धोतर, काठी असे आबा पुढच्या रांगेत बसले. शेजारी अक्काचा चुलतभाऊ शेंगा सोलून त्यांच्या हातावर देत होता. पाण्याच्या बाटल्या पोचवायला मी तिकडून जात-येत होते, म्हणून त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

राखीव खेळाडूंना अंगावर भगव्या रंगाचं जाळीचं बिनबाह्यांचं जाकीट घालावं लागतं. अक्का ते घालून नेहमीप्रमाणे रेषेवर फेऱ्या मारत होती, हातवारे करत होती, ओरडत होती. मैदानातली प्रत्येक मुलगी चुकली की आधी अक्काकडे बघायची. कोच मॅडम मागे बाकावर बसून वहीत लिहीत होत्या.

चुलतभाऊ म्हणाला, "आबा, आपली ताई खेळत नही वाटतं."

आबांनी शेंगदाणा चावला. "गधडा, नीट देख. बाकीन्या पळतस. मनी आंडेर पळावाले लावस." आंडेर म्हणजे लेक, ती बाकीच्यांना पळायला लावते.

"आनि ती मांगे बाई बसेल शे ती?"

"ती तिनी कारकून शे. लिखी ऱ्हायनी, दिखत नही का?"

रांगेतून ही बातमी मागे गेली, आणि दहा मिनिटांत सगळं गाव अक्काकडे साहेबीण म्हणून बघायला लागलं.

इकडे फुलमनीचं काही खरं नव्हतं. समोर गोलकीपर एकटा असताना तिने एकदा बॉल कुंपणाबाहेर मारला, एकदा बॉलवर पाय देऊन पडली. हाफ टाइमला ती तोंडावर टॉवेल घेऊन बसली. टॉवेल हलत होता. साठाव्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, "अक्का, चल."

अक्काने भगवं जाकीट काढायला हात घातला आणि थांबली. "मॅडम, पाच मिनिटं. लेस ढिली झालीय."

ती खाली वाकली. लेस मी बांधून दिली होती आणि ती ढिली नव्हती. अक्काने ती सोडली, ओवली, बांधली, परत सोडली. संघ एका गोलने पुढे असताना वेळ काढायला अक्कालाच उतरवायचे. त्यात तिचा हात धरणारी बाई देशात नव्हती. पण स्वतःचा वेळ असा घालवताना तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. मी बाटल्या घेऊन शेजारी उभी होते. मॅडमनी मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? अक्का वर न बघता म्हणाली, "तोंड उघडू नको व, कोकणे."

मग तशीच वाकलेली असताना तिने फुलमनीला हाक मारली, "ए पोरी, घाई कोनले शे? थांब. त्याला जाऊ दे."

फुलमनीला अहिराणी ओ की ठो कळत नव्हती. पण ती थांबली. अंगावर धावत आलेला मुलगा तसाच पुढे निघून गेला, आणि तिने बॉल अलगद गोलच्या कोपऱ्यात घातला. गोलची शिट्टी झाली तरी ती तिथेच उभी होती, चेंडू खरंच जाळीत गेला का ते बघत.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अक्का, अजून वीस मिनिटं आहेत. जातेस?"

"आता कशाला?" अक्का म्हणाली. "चांगली पळतेय. आणि एवढं गाव बघतंय, मला घामाघूम व्हायचं नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं.

सामना संपल्यावर अक्का आबांच्या पाया पडली. आबांनी तिच्या जाकिटाची जाळी बोटात धरून पाहिली. म्हणाले, "चांगलं शे. वारा लागस." मग विचारलं, "आते पुढली मॅच कव्हय?"

"सांगसू, आबा."

"तठे पन तुलेच बठ्ठ्यासले संभाळनं पडी ना?"

"हा."

टेम्पो गेले. संध्याकाळी यादी लागली. तेविसावं नाव फुलमनीचं होतं. ती रडत अक्काच्या खोलीत गेली आणि शिव्या खाऊन बाहेर आली. पहिला स्पर्श कसा भिकार आहे, डावा पाय नुसता शोभेला आहे, असं बरंच काही दाराबाहेर ऐकू येत होतं.

निघायच्या दिवशी मी बुटांच्या पेट्या बांधत होते, तेव्हा अक्का आली. "फुलमनीचा डावा बूट बोटांवर दाबतो. एक नंबर मोठा दे. मी सांगितलं म्हणू नको." मी मान हलवली. ती दारात रेंगाळली. "आणि तिकडून मला फोन करत जा. मॅचचं नको सांगू, ते पेपरात येतं. कोण कोणाच्या खोलीत आहे, काय जेवलात, कोणाचं भांडण झालं, तेवढं सांग."

तिकडून मी तिला रोज दुपारी फोन केला. रोज ती पहिल्यांदा हेच म्हणायची, "मी कामात शे, लवकर सांग." आणि मग पाऊण तास ठेवायचीच नाही.