रांजणाच्या पोटात

इंदुरीचे गणूआबा कुंभार कुणाच्याही घरी गेले, की रामराम नंतर. आधी सदऱ्याची बाही वर करून पाण्याच्या रांजणात खांद्यापर्यंत हात!

"आवं आबा, प्यायाचं पानी हाय त्ये!" आई ओरडायची.

"पानी उद्या बी मिळंल, पोरी. भांड्याचं पोट बगाया नगं?" आबा डोळे मिटून रांजण आतून चाचपत राहायचे.

ते गेले की आई सगळं पाणी अंगणात ओतायची आणि इंद्रायणीवर खेपा घालायची. दर खेपेला आबांचा उद्धार व्हायचा. आबा येताना दिसले की गावातल्या बायका झाकणं धरून बसत. एक नवी सून तर घाबरून रांजणावरच बसली. गंमत म्हणजे स्वतःच्या भट्टीतला नवा माल आबा कधी चाचपत नसत. हात जायचा तो जुन्याच रांजणांत. आता तसं गार पाणी कुठलं, आणि तसे आबा तरी कुठले! फार आठवतात.

एका चैत्रात आमच्या बैलानं पाण्यासाठी मान घातली आणि पडवीतला रांजण आडवा केला. आई बैलाला फारसं बोलली नाही. त्यानं एकदाच तोंड घातलं होतं, आबांचा हात दर आठवड्याला.

बातमी कळताच आबा आले. खापरांपाशी बसले आणि एका खापराच्या आतून अंगठा फिरवू लागले.

"ह्ये गोट्याचं खळगं आमच्या सदाचं. डावखुरा व्हता. उजव्या हातानं आतनं गोटा धरायचा, डाव्यानं भायेरनं थापी मारायचा. माझं खळगं हिकडं वळत्यात, त्याचं तिकडं."

सदा त्यांचा धाकटा भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तो आलाच नाही.

"त्याच्या हातचं येकेक फुटत गेलं. गावात ह्यो शेवटचा व्हता."

आईनं खापरं एका बाजूला गोळा केली. मग म्हणाली, "आबा, नवा करा. पर डाव्या हातानं करा."

"मला कुटं जमतंय?"

"जमंल तसा करा."

रांजण आला तो एका बाजूला पोट सुटलेला. आईनं खाली दगडाची चीप लावून तो उभा केला आणि भरला.

पुढच्या खेपेला आबा आले, पण हात मागे बांधून दारातच उभे राहिले. आईनंच झाकण काढलं.

"घाला हात."

आबांनी बाही वर केली. बराच वेळ आत चाचपत राहिले.

"तिकडं वळत्यात," ते हळूच म्हणाले. "थोडं थोडं."

त्या दिवशी आईनं पाणी ओतलं नाही. आम्ही सगळे तेच प्यालो.