बच्छाव नाना आणि लाल पट्ट्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बच्छाव नाना बाहेर पडण्याआधी लाल पट्ट्या मोजतात. गॅसच्या बटणाला एक, गीझरला एक, इस्त्रीला एक. पट्टी लावलेली म्हणजे वस्तू बंद. सगळ्या मोजून झाल्या की दाराच्या कडीवरची शेवटची पट्टी काढून ती उंच धरून काकूंना दाखवतात. काकूंनी अंगठा वर केला की मगच नाना कोथिंबीर आणायला निघतात.

नाना हवाई दलात लढाऊ विमानांच्या पंखाखाली क्षेपणास्त्रं बसवायचे. जवळून मारा करणारी, समोरच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता ओळखून मागे लागणारी. त्या क्षेपणास्त्रांच्या नाकावर काचेचा डोळा आणि डोळ्यावर लाल पट्टीची टोपी. उड्डाणाआधी ती काढायची आणि वैमानिकाला हात उंचावून दाखवायची. "टोपी राहिली की क्षेपणास्त्र आंधळं. पोरगा वर मरतो आणि आपण खाली जेवत बसतो," हे मला तोंडपाठ झालंय.

"उष्णता लपत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. माझ्या स्कूटरच्या इंजिनाला हात लावून म्हणतात, "आत्ताच आलात. वहिनींना मात्र तासाभरापूर्वी पोचलो म्हणून सांगाल."

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नाही. आमच्याकडे चहा पितानाही चारदा उठून आपलं दार बघून येतात. मला याचा फार राग यायचा. मग एकदा काकूंनी, इतक्या वर्षांच्या शेजारानंतर, मला माझं नाव विचारलं. काकू विसरत चालल्या होत्या. घरात पट्ट्या लागल्या त्या तेव्हापासून. त्यानंतर मी रागावलो नाही.

परवा थंडीत सकाळी नानांनी माझं दार बडवलं. ते आंघोळीला गेले तेवढ्यात काकू निघून गेल्या होत्या. कडीवरची पट्टीही गायब. मी जिन्याकडे पळालो, तर नाना परत घरात. काकूंच्या खुर्चीवर त्यांनी तळहात टेकवला.

"गरम आहे. लांब नाही गेली."

खाली मी म्हटलं, देवळात बघू. नाना ऐकेनात. "आमची जुनी क्षेपणास्त्रं विमान सोडून सूर्याच्या मागे जायची. हिची शाल घरीच आहे. कुडकुडत असेल. ऊन कुठे आलंय ते बघा."

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर त्या वेळी एकाच बाकावर ऊन होतं. काकू तिथे बसल्या होत्या, अनवाणी. नाना धावत गेले आणि दहा पावलांवर थबकले. काकूंनी मुठीतली लाल पट्टी उंच करून दाखवली होती.

नानांनी अंगठा वर केला.

मग जवळ जाऊन त्यांनी काकूंचा हात धरला. काकू बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नानांचं नाव काही आठवलं नाही.

"तुम्हना हात गरम शे," त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर घरी निघाल्या.