आधी मान प्रिंटरचा

रविवारी अकराला माजिवड्याहून मुलाकडचे आणि डोंबिवलीहून मुलीकडचे येणार होते, आणि मंदाकिनीबाईंच्या नौपाड्यातल्या वधू-वर केंद्राचा संगणक काळ्या पडद्यावर एकच ओळ दाखवत बसला होता: 'प्रिंटरची वाट पाहत आहे.'

त्यांच्या यजमानांना, त्र्यंबकरावांना, घाम फुटला. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरातलं एकेक खातं त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. भाजी गेली, दूध गेलं, इस्त्रीचे कपडेही गेले. उरला होता संगणक. आज तो उठला नाही, तर तोही भाच्याकडे, अनिमेषकडे जाणार होता.

बरं, तो बिघडलेला नव्हताच. संगणक सुरू होताना त्यातली पूर्वीची व्यवस्था आतली सगळी कामं एकदम उठवायची. कोणी कोणासाठी थांबायचं, ते तीच ठरवायची. "फास्ट आहे, मामा. हात लावू नका," अनिमेषनं बजावलं होतं. पण आत कोण कोणाला उठवतं, हे कळल्याशिवाय त्र्यंबकरावांना घास गोड लागेना. शनिवारी त्यांनी साधी व्यवस्था बसवली. एकाचं झालं की मगच दुसऱ्यानं उठायचं. क्रम त्यांनी स्वतः लावला, आणि लावला तो सेवाज्येष्ठतेनं! प्रिंटर घरात सर्वांत जुना, म्हणून पहिला. वाय-फाय कालचं पोर, म्हणून शेवटी.

"अहो, फोटो, पत्रिका सगळं त्यात आहे. पाहुण्यांना काय दाखवू, तुमचं तोंड?"

"अगं, क्रमानं चाललंय. नंबर येईल."

"अनिमेषचाच येईल आता!"

तेवढ्यात बेल वाजली. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली आणि हसत राहिली. पहिला शब्द मुलाकडच्यांचा, असं मुलीच्या आईचं, सरोजताईंचं मत. सुरुवात मुलीकडून व्हावी, असं मुलाच्या वडिलांचं. मधल्या मध्ये पोहे निवले.

शेवटी क्षिप्रा, म्हणजे मुलगीच, उठली. "काका, बघू का मी?"

मुलगाही, साकेत, मागून वाकला. "प्रिंटर वाय-फायवर आहे का?"

"हो. पण वाय-फाय शेवटी ठेवलंय. परवाच आलंय ना."

क्षिप्रा खळखळून हसली. "काका, प्रिंटर वाय-फायसाठी थांबलाय आणि वाय-फाय प्रिंटरसाठी. दोघं 'आधी आपण, आधी आपण' करत उभे आहेत!"

"म्हणून मी सगळं आपलं आपण ठरवणारी मोठी सिस्टीमच वापरतो," साकेत म्हणाला. "डोक्याला ताप नाही."

"आणि अडकली की? आतलं काय कळतं तुला?"

'तुला' ऐकून सरोजताईंनी बशी खाली ठेवली.

"अडकतच नाही ती."

"अडकेपर्यंत सगळेच असं म्हणतात!"

क्षिप्रानं दोन-चार ओळी बदलल्या, संगणक सुरू झाला, पण त्याच्याकडे बघायला वेळ होता कोणाला? दोघं भांडत भांडत गॅलरीत गेली ती चहा दोनदा गरम झाला तरी आत येईनात. पत्रिका कोणी मागितलीच नाही.

मंडळी हसत गेल्यावर त्र्यंबकराव पडेल आवाजात म्हणाले, "अनिमेषला फोन लावू ना?"

"कशाला? पुढच्या रविवारी आंबिवलीचे येतायत. मुलगा तोंड उघडत नाही, मुलगी त्याच्या वरताण. कॉम्प्युटर आजच्यासारखाच बंद पाडून ठेवा."

खातं वाचलं! त्र्यंबकरावांनी उत्साहानं प्रिंटर पुन्हा पहिला केला आणि बटण दाबलं. संगणक झटकन उठला. पोरीनं आणखी काय सुधारून ठेवलं होतं, देव जाणे. त्यांनी क्रम उलटा केला, सुलटा केला, वाय-फायला हाकलूनच दिलं. तरी तो उठतच राहिला.

अखेर त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच फोन लावला. "अरे अनिमेष, जरा पंचाईत झालीये. हा सुरू होतोय रे. काय करू?"