लाल झाकणाचा सोमवार

सुनेने फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि सासूबाईंचा दुपारचा फोन बंद झाला. भांडण होऊन बंद झाला असता तर परवडलं असतं. भांडणात निदान तोंड तरी चालू राहतं.

कागदावर आठवड्याचा स्वयंपाक मांडला होता. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिथे जशी ज्या त्या नळीला ज्या त्या रंगाचं बूच, तसंच तिने घरी केलं. रविवारी एकदाच बाजार, एकदाच शिजवणं, सगळं एकसारख्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. सोमवारचं झाकण लाल, मंगळवारचं निळं, बुधवारचं हिरवं. वाटण, मळलेलं पीठ, टोमॅटोचा गर अशा कच्च्या सामानाला पांढरं. सकाळी ज्याने त्याने त्या दिवसाच्या रंगाचा डबा उचलायचा आणि कामाला लागायचं. रात्रीचंही तसंच.

फायदा झाला, हे सासूबाईंनाही नाकारता येईना, आणि खरं दुखणं तेच होतं. भाजी सडून टाकायची वेळ येईना. गॅस दिवसभर पेटता राहीना. सून संध्याकाळी घरी येऊन पाय वर करून बसू लागली, नातीला कॉलेजला जाताना डब्यासाठी ओरडावं लागेना. नावं ठेवायला जागाच उरली नाही. मग बाईमाणसाने घरात दिवसभर करायचं काय?

दुपारचा फोन मुलाचा असे. मुलगा गावभर लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा. आईचा नंबर त्याने ‘हेड ऑफिस’ नावाने ठेवला होता. जेवण झालं की फोन करून तो विचारायचा, “आई, रात्री काय?” सासूबाई ठरलेलं उत्तर द्यायच्या, “तुझं डोकं. रोज रोज तेच विचारून जीव खाता माझा.” मग रात्रीचं काय ते सांगून व्हायचं आणि खरं बोलणं सुरू व्हायचं. आज कुठली लिफ्ट अडकली, आत कोण सापडलं, बाहेर काढल्यावर काय बोललं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासूबाई जिना उतरल्या नव्हत्या, पण गावातल्या सगळ्या उंच इमारती त्यांना आतून बाहेरून ठाऊक होत्या. वकिलाची बायको कुठल्या मजल्यावर उतरते आणि कुठल्या मजल्यावर उतरल्याचं घरी सांगते, हेसुद्धा.

आता मुलाच्या मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो होता. विचारायचं काही उरलंच नव्हतं. तरी सासूबाई फोन खिडकीत ठेवून त्याच्याजवळ स्टुलावर बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, इथे वारा लागतो. आपण होऊन फोन करायचा? छे. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला आपण होऊन हाक मारली नव्हती.

रविवारी संध्याकाळी सून बाहेरच्या खोलीत टेकली होती, तेव्हा सासूबाईंनी फ्रीझर उघडला. मनात फार काही नव्हतं. लाल झाकण निळ्या डब्यावर, निळं लाल डब्यावर. बटाट्याऐवजी वाटाणा निघाला की पोरगा फोन करेल, बस. पण झाकणं बर्फाने घट्ट बसलेली. एक निघेना म्हणून त्यांनी सगळे डबे ओट्यावर काढले, एकेक ओढत सुटल्या, आणि नेमकी नात पाणी प्यायला आली.

“काय चाललंय गं आजी?”

“डबे पुसतेय. तुझ्या आईला कुठे दिसतं ओलं.”

नातीची पाठ वळेपर्यंत हाताला आलं ते झाकण हाताला आलेल्या डब्यावर दाबून सगळं आत ढकललं. कुठल्या झाकणाखाली काय गेलं, ते आता खुद्द सासूबाईंनाही सांगता आलं नसतं.

सोमवारी दुपारी फोन वाजला. फार आतुर दिसू नये म्हणून त्यांनी तो थोडा वाजू दिला.

“आई, लाल झाकण म्हणजे बटाट्याचा रस्सा ना?”

“असेल.”

“मग डब्यात पीठ कसं? झाकण न काढताच गरम करायला ठेवला, तो फुगून झाकण उडालं. इथल्या मायक्रोवेव्हला आतून प्लॅस्टर झालंय.”

“कुठल्या इमारतीत आहेस?”

“आई, पीठ.”

“पीठ कळलं. वकिलाच्या इमारतीत का? त्याच्या बायकोची लिफ्ट सुधारली की नाही?”

“मी इथे मायक्रोवेव्ह खरवडतोय आणि तू...” तो थांबला. “सुधारली. पण त्याआधी तिचा नवराच आत अडकला होता, नेमका ती उतरते त्या मजल्यावर.”

“बाई गं. एकटाच?”

फोन चांगला लांबला. सासूबाईंचा चेहरा उजळला. फोन ठेवतात न ठेवतात तोच सुनेचा आला. तिच्या लाल झाकणाखाली लसणाचं वाटण निघालं होतं. तेही तिने न उघडताच गरम केलं होतं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून बाहेर उभी होती आणि साहेब खिडक्या उघडत फिरत होते. मग नातीचा. तिने टोमॅटोचा कच्चा गर चमच्याने संपवला होता. “आजी, आजचं सूप एकदम मस्त होतं गं,” ती म्हणाली. या पोरीच्या जिभेचं पुढे कसं व्हायचं, हा नवा घोर लागला. पण दिवस मात्र कारणी लागला होता.

संध्याकाळी सून आली ती स्वतःवरच चिडलेली. “झाकणं मीच लावली होती. लॅबमध्ये असं केलं असतं तर घरी बसवलं असतं मला.”

“पण काल नंतर आजीने डबे पुसले होते,” नात म्हणाली.

मुलगा आईजवळ येऊन बसला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “आई, हल्ली विसरायला होतं का गं? होतं, वयाने होतं. आपण असं करू, बाहेरून डबा लावू. तुला स्वयंपाकघराचा त्रासच नको.”

फोन गेला होता, आता ओटाही चालला. गप्प बसावं तर म्हातारी ठरणार, बोलावं तर वाईट ठरणार. वाईट ठरायची त्यांना सवय होती.

“विसरतंय तुझं डोकं,” त्या म्हणाल्या. “झाकणं मी बदलली. मुद्दाम.”

“पण का?”

“हात शिवशिवले.”

सून समोर येऊन उभी राहिली. “आई, रोज रोज तेच विचारून जीव खाता, असं तुम्हीच म्हणायचात ना? म्हणून तर मी एवढं सगळं मांडलं.”

“म्हणत होते. म्हणून लगेच ऐकायचं? एरवी कधी ऐकलंस माझं?”

सुनेची नजर स्टुलाकडे गेली. लग्न होऊन आल्यापासून ते स्टूल तिने गॅसजवळ पाहिलं होतं. आता ते खिडकीत होतं, फोनच्या शेजारी. तिने जाऊन चहा टाकला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा एकदाच बाजार झाला, एकदाच शिजलं. पण सगळ्या डब्यांना झाकणं पांढरी लागली आणि फ्रिजच्या दारावर कागद नव्हता.

“आता कुठला डबा कुठल्या दिवशी, कसं कळायचं?” सासूबाईंनी डोळे बारीक केले.

“कुठे काय ठेवलंय, ते फक्त तुम्हाला सांगते. वरून खाली तुम्ही पाठ करा. ज्याला हवं तो विचारेल.” सून हात पुसत बाहेर गेली. जाताना स्टुलावर एक जुनी उशी ठेवून गेली.

सोमवारी दुपारी फोन वाजला. सासूबाईंनी या वेळी तो फार वाजू दिला नाही.

“हेड ऑफिस, रात्री काय?”

“तुझं डोकं,” सासूबाई म्हणाल्या, आणि उशी सारखी करून ऐसपैस बसल्या. “आधी सांग, वकील घरी बायकोशी बोलतोय का?”