पॉलिसींची पूजा

खंडेनवमीला आमच्या खासबागेत कुणी मागाची पूजा करतं, कुणी मोटारसायकलची. आमचे शेजारी मारुती आप्पा विम्याच्या जुन्या पॉलिसींची पूजा करत. पत्र्याची पेटी पाटावर ठेवायची, झाकण उघडायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. कुंकू मात्र नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणत, "लावल्यालं हाय." मुदत संपून कित्येक वर्षं झालेल्या कागदांची ही बडदास्त पाहून गल्लीतली पोरं हसत. मीही हसत असे, पण आतल्या आत.

जवळच्या मच्छे गावाला आप्पांचा लहानसा प्लेटिंगचा कारखाना होता. सायकलींच्या हँडलांना, मोटारींच्या सुट्या भागांना ते चकाकी चढवत. जन्मभर लोखंड झाकून पोट भरलेल्या या माणसाचं आवडतं वाक्य होतं, "झाकलं म्हणजे गेलं न्हाय." ते त्यांना कुठंही लागू पडे. कुणाकडं गेले की बसण्याआधी सतरंजीचा कोपरा उचलून बघत. केस काळे करून आलेल्या व्याह्यांना त्यांनी ते भर पंगतीत ऐकवलं, तेव्हापासून व्याही यायचेच बंद झाले. माणसांना ते कामावरून हाक मारत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, म्हणून मी 'लायब्ररी'.

त्या वाक्याचं मूळ मच्छ्याच्या मातीत होतं. कारखाना बंद करून टाक्या उपसल्या तेव्हा कळलं, की एका टाकीचा तळ वर्षानुवर्षं पाझरत होता. खालची माती पिवळी पडलेली, आणि बांधापलीकडच्या शेतकरी परशरामच्या विहिरीचं पाणीही पिवळं. त्याच्या घरचे ते जनावरांनाही पाजेनात. पण परशराम भांडायला आला नाही. आप्पांना तेच जास्त लागलं.

एक गिऱ्हाईक आलं. जागा आहे तशी घेतो, वर काँक्रीट घालून गोदाम बांधतो म्हणालं. आप्पांनी त्याला चहा पाजला, आपलं वाक्य ऐकवलं आणि वाटेला लावलं. पुण्याचा मुलगा फोनवर वैतागला. माती खणून काढायची, विषारी कचरा घेतात तिथं पोचवायची, विहीर साफ करायची, एवढं आणणार कुठून? आप्पा म्हणाले, पेटी हाय की.

कारखान्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा कंपनीनं ते भरून द्यायचं, अशा त्या पॉलिसी होत्या. पण संपलेल्या पॉलिसीवर कोण काय देणार, असं मी विचारलं.

"टाकी गळत हुती तवा पॉलिसी चालू हुती का न्हाय? मग? लग्न मोडलं म्हणून पोरगं परकं हुतंय व्हय रं, लायब्ररी?"

मग ते विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला जावं तसे जाऊ लागले, डबा घेऊन. सुरुवातीला शिपाई त्यांना उठवायचा. पुढं तोच त्यांच्यासाठी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवू लागला. पेटी अखेर एका कन्नड बाईंच्या टेबलावर पोचली. बाईंनी एकेक कागद नीट वाचला आणि थांबल्या. प्रत्येकावर, नेमकी मुदतीची तारीख होती तिथं, कुंकवाचा वाळलेला थर होता. कंपनीकडच्या नकला कधीच रद्दीत गेलेल्या.

ती खूण आप्पांच्या बायकोची, आक्कांची. कारखाना चालू असताना खंडेनवमीला यंत्रांबरोबर पॉलिसीचीही पूजा त्याच करायच्या. इंग्रजी येत नव्हतं. यात सगळ्यांत महत्त्वाचं कुठं लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. कधीपासून कधीपर्यंत ते हितं, असं आप्पांनीच दाखवलं. मग दर वर्षी नव्या कागदावर बरोबर तिथंच ओल्या कुंकवाचं बोट.

"आमच्यात पण आयुधपूजेला असंच करतात बघा, आप्पा," बाई म्हणाल्या, आणि कागद त्यांनी डोळ्यांना लावला. "पण वरच्या ऑफिसला तारीख दिसली पाहिजे. हे पुसून आणा."

"माती धुवायची हाय. कुंकू न्हाय," असं म्हणून आप्पा पेटी उचलून घरी आले. कचेरीच्या वाऱ्या बंद झाल्या. मला वाटलं, नेहमीचा हट्ट.

पुढं परशरामच्या लेकीचं लग्न निघालं. आवतण होतं, मीही बरोबर गेलो. विहीर दारात असून मांडवाला पाण्याचा टँकर लागलेला. परशरामनं पहिला तांब्या आप्पांच्याच हातात दिला. आप्पांनी तो तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी आणि कापसाची गुंडाळी घेऊन माझ्याकडं आले.

"जुनी पुस्तकं साफ करतोस न्हवं? कर."

ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी कापसानं हलक्या हातानं कुंकू टिपू लागलो. काही ठिकाणी बोटाच्या रेघासुद्धा उमटलेल्या दिसत होत्या. खालून एकेक तारीख वर येत होती.

"हळू रं," ते भिंतीकडंच बघत म्हणाले. "हिची बोटं हायत ती. फोटूत नुसतं तोंड हाय."

माझा हात थांबला.

"थांबू नगो. पूस."

काम झाल्यावर मी बोळे गोळा करायला लागलो, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतले.

कंपनीनं पुष्कळ वाद घातला, पण शेवटी मान्य केलं. मच्छ्याची माती ट्रकांतून गेली. विहीर कितीदा उपसली, पाणी कितीदा तपासायला पाठवलं. मग एके दिवशी परशरामच्या घरचे तेच पाणी पुन्हा भरू लागले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी आप्पांकडं गेलो. कागद सगळे कंपनीत जमा. तरी पेटी पाटावर होती, झाकण उघडं, हार घातलेला. शेजारी परशरामच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या. पेटीत कापसाचे लालसर बोळे. आप्पांनी नारळ फोडला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुंकवात बोट बुडवलं, आणि कुठं लावावं ते न सुचून तसंच धरून बसले.