आतोबांच्या टकलावरील मांजराचा करीना

मांजर घरात राहिले. हे वर्तमान आम्ही लिहिलेच नाही, तुम्ही वाचलेच नाही, ऐसे समजोन मूळ करीन्याकडे, म्हणजे हकिकतीकडे, चित्त द्यावे.

अखंडितनिद्रालंकृत राजमान्य राजश्री आतोबा, म्हणजे आमच्या आत्यासाहेबांचे यजमान, दुपारी आरामखुर्चीत तळ देऊन असत, आणि घरचे मांजर त्यांच्या टकलावर ठाणे करी. एके दिवशी आतोबा शिंकून जागे जाहले, आणि मग हुकूम सुटला की, बायबलात गाढव आहे, उंट आहे, कुत्राही आहे, मांजर कोठेच नाही. सबब रविवारपर्यंत दाखला हजर न जाहल्यास मांजर हद्दपार.

आत्यासाहेबांनी चष्मा चढवला, छत्री उचलली आणि खासा स्वारी ग्रंथालयावर चालोन गेली. संदर्भ विभागात किल्लेदार बाई तैनात होत्या.

"हे ग्रंथ घरी मिळत नाहीत हं मावशी. शिक्का बघा, बाहेर नेण्यास मनाई."

"घरी नेऊन करू काय? घरचा ग्रंथ खुर्चीत घोरतोय," ऐसा जबाब देवोन आत्यासाहेबांनी शब्दसूचीस वेढा घातला. कोणता शब्द बायबलात कोठे आला हे सांगणारा तो दुर्ग उशीहून जाड. 'मांडी' हाती लागली, 'मांस' लागले, मांजर गैरहजर. फौज खचली, फौज म्हणजे छत्री. मग बायबलकोशावर हल्ला जाहला, आणि 'प्राणी' या बुरुजावर बारीक टाइपात बातमी मिळाली की, मांजर आहे! यिर्मया संदेष्ट्याच्या नावच्या पत्रात आहे; मात्र ते पत्र सर्वच आवृत्त्यांत छापत नाहीत.

आत्यासाहेब माघारी आल्या आणि थेट आतोबांचे खाशांचे जाडे बायबल उघडिले. पत्र तेथेच होते. पाने एकमेकांस चिकटलेली, म्हणजे आतोबांची स्वारी तेथवर कधी पावलीच नव्हती. मजकूर ऐसा की, बाबिलोनच्या लाकडी देवांच्या डोक्यावर पाखरे बसतात, मांजरेही बसतात, आणि त्या देवांस पत्ता नसतो, म्हणोन त्यांस भिऊ नये.

"वाचलंत? डोक्यावर मांजर बसलं तरी ढिम्म. भिऊ नये म्हणतोय."

"अगं, ते लाकडाबद्दल आहे!"

"मग हलून दाखवा."

ऐन समयी मांजर टकलावर विराजमान होते आणि नखांचा पहारा कडक होता. आतोबा हलले नाहीत.

येणेप्रमाणे फत्ते दप्तरी दाखल जाहली. तरी ग्रंथालयाधिकारी यांस अर्ज ऐसा की, सदर मांजरास संदर्भग्रंथांत दाखल करोन त्याच्या पाठीवर 'बाहेर नेण्यास मनाई' हा शिक्का मारून मिळावा. शिक्का मारतेवेळी मांजर धरण्यास माणूस आपला असावा, ही विनंती.